काचेच्या खोलीचा ताबा

“ढकलूं नका बाई. दूध आपलें आपण उतरेल. तुम्ही फक्त धरून राहा,” हेमावती सिस्टर म्हणाल्या.

चित्रानं सिरिंजवरचा अंगठा काढला. अमोघच्या नाकातून पोटात गेलेल्या बारीक नळीच्या टोकाला ती उघडी सिरिंज लावलेली होती. तिच्यात चित्रानं सकाळी वाटीत पिळून काढलेलं दूध होतं. हात वर धरला की दूध खाली सरकायचं, हात खाली आला की थांबायचं. अमोघ तिच्या मांडीवर टेकून बसला होता. आठ महिन्यांचं पोर, पण उचलताना निम्म्या वयाचं वाटायचं. अंगावर घेतलं तर दोन घोटांत कपाळावर घाम यायचा आणि धाप लागून ते तोंड सोडायचं. त्याच्या हृदयाच्या पडद्याला मोठं भोक होतं. अंगाला जायचं रक्त फुप्फुसात शिरत होतं, आणि पोटात गेलेलं सगळं दूध नुसत्या श्वासापायी संपत होतं.

चेन्नईतल्या मुलांच्या सरकारी दवाखान्यातला तो वॉर्ड. दोन्ही अंगांना खाटा, मध्ये पंखे, आणि सगळीकडं तमिळ. हेमावती सिस्टर तंजावरकडच्या. त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या मराठी, पण ती जुन्या पोथीतल्यासारखी. पहिल्या दिवशी त्यांनी “पाणी पाहिजे कां?” असं विचारलं तेव्हा चित्राला वाटलं होतं, देवळातली एखादी बाई बोलतेय.

“आतां नीट ऐका,” सिस्टर म्हणाल्या. “दूध देण्याआधीं नळींतून थोडें ओढून घ्यावें आणि ह्या निळ्या कागदास लावावें. तांबडा झाला तर नळी पोटांत आहे. पोटांत आंबट असतें. झाला नाही तर थेंबसुद्धां देऊं नका, दूध छातींत जाईल. समजलें कां?”

“समजलं.”

“डोकें सदा वर. बरगडीखालीं खड्डा पडूं लागला, ओठ निळे झाले, की काम टाकून यावें. आणि पापाच्या, म्हणजे बाळाच्या, खोलींत धूर नको. उदबत्ती नको, कासवछाप नको, चूल नको.” त्यांनी मान वळवली. “ते दूर कां उभे?”

खिडकीपाशी चित्राचा नवरा हेरंब उभा होता. अंगातल्या शर्टावर पिवळट डाग होते, उजव्या हाताची बोटं तपकिरी पडली होती.

“गलाईचं काम हाय आमचं,” तो म्हणाला. “सोनं आटवून शुद्ध करतो. तेजाबाचा वास असतो कपड्याला. म्हणून लांब.”

“कारखाना कुठें?”

“अंबत्तूरला.”

“आणि घर?”

हेरंबानं चित्राकडं बघितलं. चित्रा म्हणाली, “कारखान्याच्या वर.”

सिस्टरनी अमोघच्या छातीवर तळवा ठेवला आणि तसाच ठेवला. मग म्हणाल्या, “दोनदां न्यूमोनिया झाला. तिसऱ्यानें झाला तर हें पोर झेलेल असें मी म्हणणार नाही. हा आडी महिना सरतां सरतां ऑपरेशन ठेवलें आहे. त्या दिवशीं छाती साफ पाहिजे. नसली तर टेबल दुसऱ्या पापास जाईल, आणि पुन्हा पाळी केव्हां येईल तें डॉक्टरही सांगणार नाहीत.”

“साफ आणते,” चित्रा म्हणाली.

“कशी आणाल?”

“ते माझं मी बघते. तुमी जागा धरून ठेवा.”

*

अंबत्तूरच्या त्या गल्लीत छोटे छोटे कारखाने होते. कुठं नट-बोल्ट, कुठं प्लास्टिकच्या बाटल्या, आणि कोपऱ्यावर ह्यांची गलाई. चित्राच्या सासऱ्यांनी सांगली जिल्ह्यातलं गाव सोडून पहिली भट्टी लावली ती इथंच. आता ते नव्हते. थोरला मुलगा शरदचंद्र धंदा बघायचा, हेरंब भट्टीवर बसायचा, आणि गावाकडची कामगार पोरं हाताखाली. वरच्या दोन खोल्यांत सगळ्यांचा संसार. भट्टी आणि तेजाबाची घमेली तळमजल्यावर मागच्या बाजूला. तेजाब उकळायला लागलं की तांबूस वाफ जिन्यानं वर चढायची. चित्राच्या खोलीच्या खिडकीचे गज ह्या वाफेनं खरवडल्यासारखे झाले होते.

पोर घेऊन ती हेरंबाबरोबर रिक्षातून उतरली तेव्हा दारात टेम्पो उभा होता. आडी हा तमिळांचा आषाढ, त्यात लग्नं नसतात. सोनारांना काम कमी, मग ते दुकानं धुऊन काढतात. वर्षभराचा सोन्याचे कण पडलेला केर, जुनी पायपुसणी, हात पुसायची फडकी, सगळं पोत्यांत भरून गलाईवाल्याकडं वाट्यानं देतात. ते जाळायचं, राख तेजाबात घालायची, आणि राखेतून सोनं काढायचं. वर्षातलं मोठं काम हेच. रघु नावाचा कामगार टेम्पोवरून पोती उतरवत होता.

शरदचंद्र कमरेवर हात ठेवून उभा होता. त्यानं चित्राकडं न बघता भावाला विचारलं, “आलं का पोरगं?”

“आलं.”

“आत न्यायला सांग. उन्हात कशाला उभी हाय?”

थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीशी थेट बोलायचं नाही, अशी त्या घराची रीत. ती समोर उभी असली तरी तो दुसऱ्याला सांगायचा. तीही पदर पुढं घेऊन दुसऱ्यालाच उत्तर द्यायची. एका घरात सहा वर्षं राहून दोघांचा एक शब्द थेट झाला नव्हता.

चित्रा वर गेली. खिडकी लावून घेतली, फटीत ओलं फडकं कोंबलं. उशा रचून अमोघला टेकवलं. दूध द्यायची वेळ झाली तेव्हा नळीतून थेंब ओढून कागदाला लावला. तांबडा झाला. तिनं दूध दिलं. नंतर तिच्या मनात काय आलं कुणास ठाऊक, तिनं एक कोरा निळा कागद पाण्यात बुडवला आणि खिडकीच्या गजाला अडकवला. खाली भट्टी चालू होती. भांडी घासून ती परत आली तर कागद तांबडा झाला होता.

तो घेऊन ती जिन्यात उभी राहिली. शरदचंद्र खाली जेवायला बसला होता, हेरंब शेजारी, त्यांची आई अन्नपूर्णाबाई वाढत होती.

“आत्ती,” चित्रा सासूला म्हणाली, “भावजींना म्हणावं, हा कागद बघा. दवाखान्यातला हाय. पोराच्या खोलीतल्या हवेत तेजाब हाय. ऑपरेशन होईस्तोवर भट्टी बंद ठिवावी.”

शरदचंद्रानं भाकरीचा तुकडा मोडला. “हेरंब, तिला सांग, ह्या घरात भिंतीला जीभ लावली तरी आंबट लागंल. त्याला कागद कशाला पायजे? आमी ह्याच धुरात वाढलो. तूबी वाढलास. आडीत भट्टी बंद म्हंजे वरीसभर काय फुफाटा खायचा? लईच वाटत असंल तर पोराला घेऊन गावाकडं जावं. मोकळी हवा हाय.”

“गावाकडं धाप लागली तर कोण बघणार?” चित्रा सासूकडं बघून म्हणाली.

“तिला सांग, गावाकडं माणसंच राहत्यात.”

पलीकडं जेवणारा रघु हसला. हेरंबानं मान खाली घालून भात कालवला. चित्रानं कागद मुठीत चुरगाळला आणि वर गेली.

*

सकाळी तेजाब लवकर उकळायला घातलं. वाऱ्याची दिशा फिरली होती. आडीचा वारा गल्लीत शिरून धूर परत आत ढकलत होता. चित्रा आंघोळ करून आली तर अमोघचं पोट भात्यासारखं वरखाली होत होतं. बरगडीखाली खड्डा पडत होता. नाकपुड्या फुलत होत्या. तो रडत नव्हता, रडायलाही त्याला दम पुरत नव्हता. तिनं त्याला उचललं, डोकं खांद्यावर उभं धरलं आणि जिना उतरली. रस्त्यावर जावं तर समोरच्या कारखान्याची लॉरी धूर सोडत उभी.

तिथंच तिचं लक्ष काचेच्या खोलीकडं गेलं.

ती रोज तिच्या समोर होती. तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूला काचेची खोली होती. दाराला रबराची पट्टी, आत एसी. सोन्याचा कस तपासायचं मशीन आणि बारीक वजनाचा काटा ह्या खोलीत असायचा. तेजाबाची हवा मशीनच्या आतल्या तारा खाते, काटा खोटं वजन दाखवतो, म्हणून कंपनीच्या माणसानं सांगून खोली बंदिस्त करून घेतलेली. आत जाताना चपला बाहेर. मागचं दार आधी लावायचं, मगच काचेचं उघडायचं. बायका फक्त दसऱ्याला हळदकुंकू घेऊन आत जायच्या.

चित्रा आत गेली आणि दार लावलं.

आतली हवा कोरी होती. तिनं एसीचा गारठा कमी केला, शालीत गुंडाळलेल्या अमोघला छातीशी उभं धरून खुर्चीवर बसली. बराच वेळ हलली नाही. हळूहळू त्याच्या बरगडीखालचा खड्डा उथळ झाला. नाकपुड्या थांबल्या. मग तिनं काचेवर टकटक करून रघुला बोलावलं.

“वरची गादी आण. धुतलेली आण. आणि दुधाची वाटी, सिरिंज, निळ्या कागदाची पुडी. दारात ठिव, आत येऊ नको.”

“वयनी, दादा काय म्हणतील?”

“तू गादी आण. म्हणायचं ते त्येंचं ते म्हणतील.”

शरदचंद्र आला तेव्हा मशीनच्या शेजारी गादी घातलेली होती आणि अमोघ उशीला टेकून झोपला होता. शरदचंद्र काचेबाहेर उभा राहिला. मागं हेरंब होता.

“हेरंब, तिला सांग, बाहेर ये म्हणावं. आत सोनं हाय.”

चित्रानं डोक्यावरचा पदर मागं सारला. दार बोटभर उघडलं.

“भावजी, तुमी माझ्याशीच बोला. मधी माणूस घालून बोलायला आता सवड न्हाई.”

हेरंब चमकून तिच्याकडं बघायला लागला. शरदचंद्राचा हात हवेतच राहिला.

“सोनं वर न्या,” चित्रा म्हणाली. “सोन्याला खोकला येत न्हाई. पोरगं हितं ऱ्हाईल, ऑपरेशन होईस्तोवर.”

“ही काय धर्मशाळा हाय?” त्याच्या तोंडून निघून गेलं.

“मशीनला चालती, पोराला का चालत न्हाई?”

“बाहेर गिऱ्हाईक येतंय. तुला काय समजतंय त्यातलं?”

“येऊ दे. तेजाबाच्या कपड्यानं आत कुणी येणार न्हाई. तुमीबी न्हाई, हे बी न्हाईत.” तिनं नवऱ्याकडं हात केला. “मला वडून काढायचं तर काढा. काचेची खोली हाय. गल्ली बघंल.”

गल्ली बघतच होती. बाटल्यांच्या कारखान्यातल्या बाया डबे घेऊन निघाल्या होत्या, त्या थांबल्या. एकीनं अमोघच्या नाकातली नळी बघून दुसरीला दाखवली. शरदचंद्रानं दोन्ही हात मागं बांधले आणि आत निघून गेला.

*

दुपारी अन्नपूर्णाबाई शेगडी घेऊन आली. तिच्यात निखारे, वर ओवा आणि वावडिंग टाकलेलं. तिच्या सगळ्या नातवंडांना तिनं आंघोळीनंतर धुरी दिली होती. छाती मोकळी होते म्हणायची.

“दार उघड.”

“आत्ती, ते आत आणू नका.”

“तेजाबाचं नव्हं हे. औषध हाय.”

“धूरच हाय.”

“तुला पोरं किती झाली? मला शिकवतीस व्हय?” म्हातारी दार ढकलून आत पाय टाकणार तोच चित्रानं तांब्यातलं पाणी शेगडीत ओतलं. निखारे फुसफुसले. राखेचे शिंतोडे म्हातारीच्या पातळावर उडाले.

म्हातारीनं विझलेल्या शेगडीकडं बघितलं. “माझ्या हातानं काय वाईट हुईल होय गं पोराचं?”

“तुमच्या हाताला मी काय म्हणत न्हाई. हात धुऊन या, नवं पातळ नेसून या, आन मांडीवर घ्या. बघा त्याचं काळीज कसं पळतंय ते.”

म्हातारी गेली. चित्राला वाटलं, आता ही चार दिवस तोंड दाखवणार नाही. पण थोड्या वेळानं ती ओल्या केसांनी, घडी मोडलेलं पातळ नेसून आली. खाली बसली, मांडी घातली. चित्रानं अमोघला तिच्या मांडीवर उभट ठेवलं आणि तिचा तळवा त्याच्या छातीवर दाबला. म्हातारीनं डोळे मिटले. तळव्याखाली घरघर होती, आणि त्याच्याही खाली धावपळ.

“असंच वाजायचं,” ती म्हणाली.

“कुणाचं?”

“त्येंचं. शेवटाला.” म्हणजे सासऱ्यांचं. दूध देताना सिरिंज कशी धरायची ते मग तिनं बारकाईनं विचारून घेतलं.

संध्याकाळी एक जुने सोनार गिऱ्हाईक आले. आत पोर बघून दारातच थबकले. शरदचंद्र त्यांच्याशी तमिळमध्ये गोड बोलत राहिला, पण कस तपासता येईना. ते उद्या येतो म्हणून गेले. ते वळताच शरदचंद्रानं रघुला हाक मारली.

“मशीन उचल. काटाबी. वर नेऊया. बसू दे तिला हितं राणी होऊन.”

चित्रानं अमोघला पदराखाली झाकून भिंतीशी सरकून जागा करून दिली. दोघांनी घाम गाळत मशीन जिन्यानं वर नेलं, आणि तिच्याच खोलीत, त्याच खरवडलेल्या खिडकीपाशी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी भट्टी पेटवायला रघु काड्याची पेटी घेऊन गेला तर शरदचंद्र वरून ओरडला, “आज न्हाई. तेजाबबी उकळू नको. मशीन वर हाय.”

घरात सगळ्यांनी ते ऐकलं. हेरंब सोनं आटवायची मूस हातात धरून तसाच उभा राहिला. काचेच्या खोलीत चित्रा अमोघला औषधाचा थेंब देत होती. तिनं थेंब दिला, तोंड पुसलं, मग दार उघडून मोठ्यानं म्हणाली, “बरं झालं. पोरापेक्षा मशीन नाजूक निघालं.”

वरची खिडकी धाडकन बंद झाली.

हेरंबानं मूस खाली ठेवली. गच्चीवर जाऊन त्यानं साबण लावून अंग घासलं, बोटं दगडानं घासली, तपकिरी रंग काही गेला नाही. लग्नातला पांढरा शर्ट घालून तो खाली आला आणि दाराबाहेर उभा राहिला.

“येऊ का?”

“वास घे आधी सोताचा.”

त्यानं खांद्याला नाक लावलं. “साबणाचा येतोय.”

“मग ये.”

तो आत बसला. चित्रानं त्याच्या हातात सिरिंज दिली. वितळलेलं सोनं साच्यात ओतताना न हलणारा त्याचा हात इथं हलायला लागला. दूध नळीत हिंदकळलं.

“एवढा काय भितोस?”

“सोनं सांडलं तर परत आटवता येतं,” तो म्हणाला.

*

पण पोती मागच्या अंगणात पडून होती. सोनारांनी तगादा लावला. शरदचंद्र म्हणाला, तेजाब नाही तर नाही, निदान पोती तरी तिथंच जाळून राख करून ठेवतो, मशीनवर फडकं झाकतो. हे त्यानं आता थेट चित्रालाच सांगितलं. तशी तिनं सवय लावली होती.

“पायपुसण्यांचा धूर दार उघडलं की आत येतो,” चित्रा म्हणाली. “ती पोती जाळली तर मी त्या जाळासमोर पोर घेऊन बसते.”

“बस की. मीबी बघतो किती येळ बसतीस.”

त्यानं रघुला रॉकेल आणायला सांगितलं. तो आणि रघु अंगणात गेले तर अन्नपूर्णाबाई पोत्यांच्या थप्पीवर बसलेली. मांडीवर सुपात तांदूळ, निवडत होती.

“आई, ऊठ.”

“तांदूळ निवडायचाय.”

“घरात जागा न्हाई का?”

“न्हाई.” तिनं एक खडा काढून लांब फेकला. “घरात मशीन हाय.”

“आई, लोकांचा माल हाय ह्यो. तू त्या पोरीच्या नादी लागू नको.”

“पोरीच्या न्हाई.” म्हातारीनं सूप खाली ठेवलं. “तुझा बाप शेवटाला बसून झोपायचा. आडवा झाला की गुदमरायचा. तू दवाखान्यात आलतास? न्हाई. भट्टीवर आडीचं काम हुतं. मी त्याची पाठ धरून बसलेली असायची. मला तवा कुणी सांगितलं न्हाई की ह्ये बंद करा म्हणून. मलाबी सुचलं न्हाई. हिला सुचलंय. आता मी हितनं उठत न्हाई. वत रॉकेल.”

रघुनं बाटली पाठीमागं लपवली. शरदचंद्राच्या कपाळावर शीर उठली होती. वारा अंगणात फिरत होता, आणि पोत्यांतली सोनेरी नसलेली, साधी करडी धूळ उडवत होता. शेवटी तो खोकला. बापासारखा कोरडा, खोलवरचा खोकला. एकदा सुरू झाला तो थांबेना, त्यानं भिंतीला हात टेकला. म्हातारी त्याच्याकडं बघत राहिली, उठली मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी टेम्पो परत आला. पोती वेल्लूरच्या एका गलाईवाल्याकडं गेली, आपला अर्धा वाटा सोडून.

*

आडी सरत आला. काचेच्या खोलीत दोरीवर दुपटी वाळत होती. गल्लीतल्या बाया जाता-येता काचेला हात लावून अमोघला लाडानं “कण्णा” म्हणून जायच्या. तो त्यांच्याकडं बघून पाय हलवायला शिकला होता. गालावर थोडं मांस धरलं होतं.

ऑपरेशनसाठी भरती व्हायचं त्या सकाळी हेरंबानं पिशवी उचलली. चित्रानं दुपटी काढली नाहीत, गादी गुंडाळली नाही. पोर बाहेर काढलं, दार ओढलं आणि कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली.

वॉर्डात डॉक्टरनं अमोघच्या पाठीवर छाती तपासायची नळी ठेवली, इकडं ठेवली, तिकडं ठेवली. पुन्हा पुढून ठेवली. हेमावती सिस्टर खाटेच्या पायथ्याशी उभ्या होत्या. डॉक्टरनं कानातली नळी काढून तमिळमध्ये दोन शब्द सांगितले आणि पुढच्या खाटेकडं गेला.

“काय म्हणाले?” चित्रानं विचारलं.

“साफ आहे,” सिस्टर म्हणाल्या. “उद्यां सकाळीं पहिल्यानें घेणार.” त्यांनी अमोघचा पाय हातात घेऊन सुई लावायला शीर शोधायला सुरुवात केली. “कशी आणलीत हो? त्या घरांतून?”

चित्रा सांगणार तेवढ्यात तिचा फोन वाजला. शरदचंद्र होता.

“किल्ली कुठं हाय?” त्यानं विचारलं. “मशीन खाली घ्यायचंय. भट्टी पेटवतो आज.”

“किल्ली माझ्याजवळ हाय.”

“मग रघुला पाठवतो, त्याच्याकडं दे.”

“न्हाई. पोराची छाती फाडून शिवणार हाईत. टाके घेऊन ते त्याच खोलीत येणार. बरं होईस्तोवर खोली माझी हाय.”

“आन धंदा?”

“भट्टी लांब न्या. जागा बघा कुठंतरी. मी आल्यावर मीबी बघीन.”

पलीकडं तो श्वास घेत होता. त्यात बारीक शिटी वाजत होती.

“भावजी,” ती म्हणाली, “उद्या तुमीबी या दवाखान्यात. पोराला बघायला या. आन येताना तुमचीबी छाती दाखवून घ्या.”

तिनं फोन बंद केला. सिस्टरना शीर सापडत नव्हती. चित्रा खाटेवर चढून बसली, अमोघचा गुडघा घट्ट धरला आणि म्हणाली, “हं. टोचा.”